४११०३० : एका पिनकोडबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपतीत आमच्या सोसायटीत एक संध्याकाळ मुलांच्या गणिताची असते आणि ती माझ्या गळ्यात पडते. एका वर्षी काय घ्यावं ते सुचेना, म्हणून फळ्यावर आमचाच पिनकोड लिहिला आणि म्हटलं, चला, याची चिरफाड करू. तास संपला, प्रश्न संपले नाहीत. मुलांपेक्षा त्यांचे आजोबाच जास्त विचारू लागले. जिन्यात, दूधवाल्यापाशी, एकदा तर आरती चालू असताना. म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवलं आहे. यापुढे जिन्यात अडवू नये.

पिनकोड ही संख्या तरी आहे का? तो तर पत्ता.

शंका रास्त आहे. ४११०३० मध्ये एक मिळवला की शेजारची गल्ली येत नाही. ४११०३१ हा थेट दापोडीच्या लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयाचा पिनकोड आहे. दोन पिनकोडची बेरीज कुठलंच पोस्ट ऑफिस करत नाही. देशात ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर केंद्रीय दळणवळण मंत्रालयात अधिकारी होते आणि संस्कृतात कविता करत. त्यांच्या मांडणीत पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड. ४११ म्हणजे पुणे. आणि शेवटचे तीन अंक पत्र वाटणाऱ्या पोस्ट ऑफिसचे. सदाशिव पेठ आणि नारायण पेठेच्या वाट्याला ०३० आले.

म्हणजे मुळात हे अंकांत लिहिलेलं नाव आहे. मला ते आवडतं ते याचसाठी. गणिताच्या पुस्तकातल्या संख्या निवडून, पारखून आणलेल्या असतात. ही मात्र पोस्टाने आपल्या सोयीने दिलेली, कुठलाही गुण मनात न धरता. अशा उगाच हाती लागलेल्या संख्येत काय सापडतं ते पाहणं जास्त प्रामाणिक.

ही मोठी संख्या म्हणायची का?

चार लाख अकरा हजार तीस. सेकंदाला एक या वेगाने मोजत बसलात तर ४ दिवस, १८ तास, १० मिनिटं आणि ३० सेकंद लागतील. यात दुपारची झोप धरलेली नाही.

गणितज्ञांच्या लेखी ही चिल्लर. इंटरनेटवरचे व्यवहार कुलूपबंद ठेवायला ज्या संख्या सर्रास वापरतात त्या ६१७ अंकी असतात, आणि त्यांची सगळी भिस्त एकाच गोष्टीवर असते : अशा संख्येचे अवयव कुणाला वेळेत पाडता येत नाहीत. आपल्या पिनकोडचे अवयव सहावीतल्या मुलीने खडूने पाडले.

ते अवयव कोणते?

शेवटी शून्य आहे, म्हणजे २ आणि ५ ने भाग जातो. अंकांची बेरीज ४ + १ + १ + ० + ३ + ० = ९, म्हणजे ९ ने भाग जातो. तिन्ही मिळून ९० झाले. ४११०३० ला ९० ने भागलं की उरतात ४५६७.

इथे वर्गात शांतता पसरली. चार, पाच, सहा, सात. जिन्याच्या पायऱ्यांसारखे ओळीने अंक. कुणालाच ते खरं वाटेना, म्हणून भागाकार पुन्हा केला. मग प्रश्न आला की ४५६७ अजून फुटते का. ६८ चा वर्ग ४६२४ होतो, म्हणजे ६७ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं की पुरे. अशा मूळ संख्या १९ आहेत. मुलांनी त्या वाटून घेतल्या, एकोणिसांनी भागून पाहिलं, एकाचाही भाग गेला नाही. ४५६७ मूळ संख्या आहे. म्हणून

४११०३० = २ × ३ × ३ × ५ × ४५६७.

चार क्रमवार चढत्या अंकांच्या संख्या सहाच : १२३४, २३४५, ३४५६, ४५६७, ५६७८, ६७८९. त्यांत १२३४, ३४५६, ५६७८ सम आहेत, २३४५ ला ५ ने भाग जातो, ६७८९ ला ३ ने. मूळ फक्त आपली.

मग हा त्या संख्येचा गुण झाला की आपल्या लिहिण्याचा?

हा प्रश्न विचारणाऱ्या आजोबांना मी चहा पाजला. पुढचं सगळं वाचताना हाच प्रश्न जवळ ठेवा.

४५६७ द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, लिहिली की होते १०००१११०१०१११. पायऱ्या गेल्या. पण मूळपणा गेला नाही : ४५६७ गोट्या कुठल्याही भाषेत, कुठल्याही पद्धतीने मोजा, त्यांच्या सारख्या ओळी लागणार नाहीत. पायऱ्या हा दशमान पद्धतीने घातलेला अंगरखा आहे, मूळपणा म्हणजे हाडं. अंकांच्या गमती कमी प्रतीच्या असतात असं मी म्हणत नाही. मलाही त्यांचा नाद आहे. पण दोन्ही गोष्टींची सरमिसळ झाली की माणूस अंकशास्त्रवाल्याकडे जाऊन पैसे देतो.

एकूण विभाजक किती?

२४. स्वतः संख्या सोडून बाकीच्यांची बेरीज ६५७८८२ भरते, म्हणजे संख्येहून बरीच जास्त. अशांना विपुल संख्या म्हणतात. पिनकोडबद्दल बोलतोय, पेठेतल्या जागेबद्दल नाही.

हर्षद संख्या म्हणजे काय, आणि आपली तशी आहे का?

आहे. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो ती हर्षद, म्हणजे हर्ष देणारी. नाव दिलं दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी. जन्म १९०५, डहाणूचा. शिक्षण आपल्या फर्ग्युसनमध्ये. आयुष्यभराची नोकरी देवळालीला शाळामास्तर म्हणून. हाती ना मोठी पदवी ना विद्यापीठातली खुर्ची, आणि तरी जगभरच्या संख्यावेड्यांना हे नाव ठाऊक आहे.

४११०३० च्या अंकांची बेरीज ९, आणि ४११०३० ÷ ९ = ४५६७०. हर्षद झाली.

हा अंगरख्याचा गुण आहे, दुसऱ्या पद्धतीत लिहिलं की टिकेलच असं नाही. म्हणून तपासून पाहिलं. द्विमान पद्धतीत आपला पिनकोड ११००१०००१०११००१०११० असा लिहितात. यात १ किती आहेत ते मोजा. नऊ! म्हणजे द्विमानातही अंकांची बेरीज नऊच, आणि तिथेही ती हर्षद. यामागे कारण काही नाही, निव्वळ योगायोग. तरी त्या रात्री मला झोप जरा उशिरा लागली.

‘कापरेकरांची बस’ हा काय प्रकार आहे? मुलं सारखी म्हणत असतात.

कापरेकरांचा आणखी एक खेळ आहे : संख्या घ्या, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा, येईल त्याला पुन्हा तेच करा. आपल्या संख्येत ९ मिळवले की ४११०३९. हा भोसरीचा पिनकोड. त्याच्या अंकांची बेरीज १८. मिळवली की ४११०५७. हिंजवडी! सदाशिव पेठेतून निघालेली गाडी भोसरीवरून आयटी पार्कात पोचली.

मग मुलांना उलटं जायचं होतं. कोणत्या संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवली की ४११०३० येते? ४११०२१, कारण तिची बेरीज ९. तो बावधनचा पिनकोड. बावधनच्या मागे ४११०१२, म्हणजे दापोडी. दापोडीच्या मागे ४११००३, म्हणजे खडकी. त्याच्याही मागे गेलं की ४१०९७६ येतं आणि आपण ४११ च्या हद्दीबाहेर पडतो.

तेव्हा मार्ग असा : खडकी, दापोडी, बावधन, सदाशिव पेठ, भोसरी, हिंजवडी. असा वळसा घालणारी बस कुठलाही शहाणा माणूस सोडणार नाही, पण फळ्यावर ती धावते.

काही संख्यांना मागचा थांबाच नसतो. उदाहरणार्थ २० : १४ मध्ये ५ मिळवले तर १९, १५ मध्ये ६ मिळवले तर २१, वीस मधेच सुटून जातात. अशा संख्या कुणापासून जन्मलेल्या नाहीत, म्हणून स्वयंभू. देवळाली संख्या असंही त्यांचं एक नाव आहे. शाळामास्तरच्या गावाचं नाव गणितात गेलं. आपला पिनकोड स्वयंभू नाही. त्याचा जनक बावधन, हे पेठेतल्या काही मंडळींना अजून पचलेलं नाही.

पुण्यातले कोणते पिनकोड मूळ संख्या आहेत?

४११००१ पासून ४११०३१ पर्यंत मी वही घेऊन तपासले. या पट्ट्यात मूळ संख्या पाचच : ४११००१ (कॅम्प), ४११००७ (गणेशखिंड, म्हणजे विद्यापीठ), ४११०११ (कसबा पेठ), ४११०१३ (मगरपट्टा) आणि ४११०३१, जिची गाठ वर पडली आहे. यांतल्या ४११०११ आणि ४११०१३ मध्ये फक्त दोनाचा फरक, म्हणून ती जोडमूळ संख्यांची जोडी. कसब्याचा गणपती आणि मगरपट्ट्यातले काचेचे मनोरे यांना एका दावणीला बांधणारं दुसरं काही मला तरी माहीत नाही. मध्ये अडकली आहे दापोडी.

डेक्कनचा ४११००४ मूळ नाही?

सम संख्या आहे, कशी असेल? ४११००४ = ४ × ११ × ९३४१. ज्या फर्ग्युसनमध्ये कापरेकर शिकले ते याच पिनकोडमध्ये, आणि श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये गणितासाठी स्थापलेलं भास्कराचार्य प्रतिष्ठानही तिथेच. मूळपणा मिळाला तो कॅम्पाला. असो.

गोल्डबाखचं काय ते नीट सांगा. मुलगा घरी येऊन काहीतरी बोलला, मला कळलं नाही.

सांगतो, आणि जरा सावकाश सांगतो, कारण या सगळ्या पानात मला सगळ्यात आवडलेलं हेच आहे.

१७४२ मध्ये क्रिस्टियान गोल्डबाख या गणितज्ञाने ऑयलर या दुसऱ्या गणितज्ञाला पत्र लिहिलं. त्यातून निघालेलं विधान आज असं मांडतात : २ पेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज म्हणून लिहिता येते. १० = ३ + ७, २८ = ११ + १७, अशी. संगणकाने ४ वर १८ शून्यं इथपर्यंत तपासून झालं आहे, एकही सम संख्या हुकलेली नाही. सिद्धता मात्र आजवर कुणाला जमलेली नाही.

आपला पिनकोड सम आहे. तेव्हा मुलांना म्हटलं, दोन मूळ संख्या शोधा. एकाने डोकं लढवलं : कॅम्पाचा ४११००१ मूळ आहे ना? मग ४११०३० मधून तो वजा करू. उरले २९. मूळ! दुसऱ्याने विद्यापीठ घेतलं : ४११००७ + २३. तेही जमलं. मग कसबा : ४११०११ + १९. मग मगरपट्टा : ४११०१३ + १७. आपल्याआधीचे चारही मूळ पिनकोड, आणि चौघांनाही पेठेपर्यंत आणून सोडणारी मूळ संख्याच.

पोरं ओरडायला लागली. मी घरी जाऊन विचार करत बसलो, कारण एकदा घडलं तर योगायोग, चार वेळा घडलं तर कुणीतरी मागे उभं आहे.

मागे उभे होते ३०. ४११०३० ला ३० ने पूर्ण भाग जातो, म्हणजे २, ३ आणि ५ तिघांनीही जातो. आता तिच्या आधीचा एखादा मूळ पिनकोड घ्या. तो मूळ, म्हणून त्याला २, ३, ५ पैकी कुणाचाच भाग जात नाही. मग दोघांतल्या फरकालाही जाणार नाही. फरकाला गेला असता तर त्या पिनकोडलाही गेला असता. म्हणजे फरक असा की तो ३० पेक्षा लहान आणि त्याला २, ३, ५ चा भाग नाही. अशा संख्या लिहून काढा : १, ७, ११, १३, १७, १९, २३, २९. एक सोडला तर सगळ्या मूळ! आणि फरक एक यायचा तर ४११०२९ मूळ असायला हवा होता. तो आहे ३१ × १३२५९. म्हणजे सुटकेला जागाच नव्हती.

हा गुण ३० चा. आपल्यापेक्षा लहान आणि आपल्याशी सहमूळ (म्हणजे १ सोडून एकही सामाईक विभाजक नसलेल्या) सगळ्या संख्या (एक सोडून) मूळच असाव्यात, असं भाग्य लाभलेली सगळ्यात मोठी संख्या ३० आहे. ३१ पासून पुढे कितीही मोठ्या संख्येपर्यंत जा, अशी पुन्हा भेटत नाही. पोस्टाने सदाशिव पेठेला शेवटचे अंक ०३० दिले आणि पुढचे ४११ हजारही ३० ने भाग जाणारे निघाले, म्हणून फळ्यावर ती जत्रा भरली. आणि यात अंगरख्याचा काही संबंध नाही. द्विमानात लिहा, रोमन अंकांत लिहा, ३० आहे तिथेच राहतात.

उलटा करून मिळवला तर काहीतरी होतं म्हणे?

४११०३० + ०३०११४ = ४४११४४. दोन्हीकडून सारखं वाचता येतं, ‘रामाला भाला मारा’ सारखं. फार हुरळून जाऊ नये : हातचा कुठेच येत नाही, आणि हातचा आला नाही की हे होणारच. तरीही नव्या पाहुण्यांना करून दाखवायला बरं आहे.

६१७४ चा खेळ आपल्या पिनकोडवर चालतो का?

६१७४ हा कापरेकर स्थिरांक चार अंकी संख्यांचा. अंक उतरत्या क्रमाने लिहायचे, त्यातून चढत्या क्रमाचे वजा करायचे, येईल त्याला परत तेच. चारही अंक सारखे नसतील तर जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतात आणि तिथेच थांबतात.

सहा अंकांचं जग इतकं सरळ नाही. तिथे मुक्कामाची ठिकाणं तीन : ५४९९४५, ६३१७६४, आणि तिसरं ठिकाण म्हणजे सात संख्यांचं एक रिंगण. आपला पिनकोड रिंगणात सापडतो. ४३११०० − ००११३४ = ४२९९६६. त्यानंतर ७४९९४३, ६५२६४४, ४२०८७६. मग ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४ आणि परत ४२०८७६. संध्याकाळी लक्ष्मी रस्त्यावर पार्किंग शोधणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

पूर्ण वर्गाच्या जवळपास आहे का?

६४१ चा वर्ग ४१०८८१, पुढचा ४१२१६४. आपण मधे. ६४१ च्या वर्गापेक्षा १४९ ने पुढे; आणि १४९ = १०० + ४९. म्हणून

४११०३० = ६४१² + १०² + ७².

तीन वर्गांत बसली. दोन वर्गांत बसत नाही, कितीही प्रयत्न केला तरी, कारण ४५६७ ला ४ ने भागलं की बाकी ३ उरते आणि तसा मूळ अवयव एकदाच आला की दोन वर्गांचा रस्ता बंद. (६४१ ही स्वतः नामांकित आहे. २ चा ३२ वा घात अधिक १, म्हणजे ४२९४९६७२९७, ही संख्या मूळ असणार असं फेर्माला वाटत होतं. १७३२ मध्ये ऑयलरने तिला ६४१ ने भाग जातो असं दाखवून तो विषय मिटवला.)

बेरीज नऊ येते म्हणजे आकडा शुभ ना?

नाही.

खडकी, दापोडी, बावधन, भोसरी, हिंजवडी या सगळ्यांची एकअंकी बेरीज नऊच येते. शुभ असेल तर सगळ्यांना मिळून शुभ आहे, त्यासाठी पेठेत फ्लॅट घ्यायला नको.

संगणकातला आकडा वेगळाच दिसतो, तो कोणता?

संगणकवाले सोळाच्या पायात लिहितात. तिथे दहा ते पंधरा या अंकांसाठी अक्षरं वापरावी लागतात. आपली संख्या त्या पद्धतीत ६४५९६ अशी दिसते, एकही अक्षर न येता. ती पाहून नेहमीचे चौसष्ट हजार समजू नये, एवढंच.

गृहपाठ दिला होता त्याचं उत्तर?

प्रश्न असा होता : ४११०३० ही क्रमवार संख्यांची बेरीज म्हणून किती प्रकारे लिहिता येईल? तीन संख्या घेतल्या तर १३७००९ + १३७०१० + १३७०११. चार घेतल्या तर १०२७५६ पासून १०२७५९ पर्यंत. एवढं मी सांगितलं होतं. प्रकार एकूण ११ आहेत, कारण १ सोडून संख्येचे विषम विभाजक ११ आहेत.

उरलेले नऊ मुलांनी शोधून आणले. सगळ्यात लांबलचक उत्तर आणलं ते तळमजल्यावरच्या सातवीतल्या मुलीने : २१९४ पासून २३७३ पर्यंत, ओळीने १८० संख्या. मी म्हटलं, अगं, १८० संख्यांची बेरीज तपासणार कोण? ती म्हणाली, काका, सगळ्या कशाला तपासताय. पहिली आणि शेवटची मिळवा, दुसरी आणि शेवटून दुसरी मिळवा, अशा ९० जोड्या होतात. मी फळ्यावर २१९४ आणि २३७३ एकाखाली एक लिहून बेरीज केली. ४५६७ आली.